फुली मारलेली भिंत

मंगळवार, ४ मार्च

माझं आयुष्य आज दुपारी सव्वाबारा वाजता बदललं. तिच्या बाबांच्या फरशीच्या दुकानात, काउंटरपाशी. मागे कटर किंचाळत होता आणि ती बिलबुकात कार्बन घालता घालता म्हणाली, "आमचे बाबा तीस तारखेला तुमचं घर बघायला येणार आहेत."

मी म्हटलं, "कशाला?"

"कशाला म्हणजे? मी सांगितलं त्यांना."

"काय सांगितलंस?"

"तू ना, अगदीच हा आहेस," म्हणाली आणि कटरवाल्यावर ओरडायला आत निघून गेली. मी नमुन्याचे चार तुकडे हातात धरून तसाच उभा. त्यातला एक पायावर पडला तेव्हा कळलं की हे खरंच घडतंय.

तिच्या बाबांनी माझ्याबद्दल सगळं ऐकलंय. कॉलेज अर्ध्यात सोडलं, पंप दुरुस्तीच्या दुकानात काम करतो, राग नाकावर. त्यांचं म्हणणं एवढंच की आता घर बघू, घरावरून माणूस कळतो. तीस वर्षं लोकांच्या घरी फरश्या पोचवणारा माणूस. पटलं आपल्याला. दाखवूच घर.

घर घेऊन महिनाही झालेला नाही. बाबा छापखान्यात मुद्रितं तपासायचे, अडतीस वर्षं. निवृत्तीचे जवळजवळ सगळे पैसे त्यांनी यात घातले. आमचं पहिलं स्वतःचं घर: दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागच्या बाजूला संडास-बाथरूम. घर माझ्या दुप्पट वयाचं आहे. पाच-सहा वर्षं असंच काढायचं, मी मार्गी लागलो की पाडून दुमजली बांधायचं, असं ठरलंय. "मार्गी लागलो की" हे बाबांचे शब्द. ते बोलताना माझ्याकडे बघत नाहीत.

गुरुवार, ६ मार्च

मिस्त्री घर बघून गेले. साठीचे, कानावर पेन्सिल, बोलणं तिरकं. कुठल्याही भिंतीला आधी थाप मारतात, मग कान लावतात, डॉक्टर असल्यासारखे. मी पुढच्या खोलीत कोणती फरशी घालायची ते सांगायला लागलो, तर मधेच म्हणाले, "साहेब, शिकलात किती?"

"इंजिनियरिंगची दोन वर्षं."

"म्हणजे अर्धे साहेब. मग अर्धं तुम्ही सांगा, अर्धं मी सांगतो."

बाबा आतल्या खोलीत हसले. मला काही हसू आलं नाही. ज्या सरांनी माझी ड्रॉइंगची शीट वर्गासमोर उलटी धरून "कुठूनही बघा, सारखीच दिसते" म्हटलं होतं, त्यांच्यासमोर मी ती शीट फाडली, तुकडे टेबलावर ठेवले आणि निघून आलो. पुन्हा गेलो नाही. मिस्त्रीसमोर फाडायला काही नव्हतं.

त्यांचं म्हणणं: "पाडायच्या घरात तीनच गोष्टी बघायच्या. वरून पाणी येऊ नये, भिंतीतून शॉक बसू नये, आणि माणूस घसरून पडू नये. बाकी चुना फासा आणि गप्प बसा. महागाची फरशी घातलीत तर पाच वर्षांनी ती मीच फोडणार, आणि तुम्ही तिथे उभं राहून रडणार."

घर घेऊन जे उरलंय त्यात तीन कामं बसतात, चौथं नाही. छत गळतंय, ते करावंच लागेल. वायरिंग कुरतडलेलं आहे, तेही. राहिलं तिसरं.

चहाच्या वेळी बाबा म्हणाले, "तिसरं संडासाचं कर. कमोड बसव आणि धरायला एक दांडा लाव."

"बाबा, पाच वर्षांत पाडायचंय ते."

"हो, ते आहेच," म्हणाले आणि बिस्किट चहात विसरले. तुकडा पडला तळाशी. चमचा आणून दिला मी.

तिसरं फरशीचंच. तीस तारखेला तिच्या बाबांना काय मी संडास दाखवू?

रविवार, ९ मार्च

फरशी निवडली. दुधी रंग, त्यात फिकट करड्या शिरा, हात फिरवला की गार लागते. दुकानातली सगळ्यात चांगली.

ती म्हणाली, "अरे, पाडणार आहात ना तुम्ही? मग ही साधी घाल की. ही कशाला?"

किती काळजी करते माझ्या खिशाची! कोणती मुलगी असं म्हणेल? तेव्हाच ठरवलं की हीच घालायची.

"नक्की ना?" तिने दोनदा विचारलं. "एकदा बिल फाडलं की माल परत घेत नाही आम्ही."

"नक्की म्हणजे नक्की."

तिने बिल फार हळू लिहिलं. मला जास्त वेळ थांबता यावं म्हणून, हे मला न कळण्याइतका मी बुद्दू नाही.

बुधवार, १२ मार्च

संडासातला नळ पुन्हा सैल झाला. आल्यापासून तिसऱ्यांदा. वॉशर बदलला, दोरा गुंडाळला, पाना लावून घट्ट केला, तरी चार दिवसांत भिंतीतून हलतो. आज चिडलोच. म्हटलं, "बाबा, तुम्ही या नळाला लोंबकळता की काय?"

"जुना आहे रे तो," म्हणाले.

आणि वेळ किती लावतात! सकाळी मला कामावर जायचं असतं आणि हे अर्धा-अर्धा तास आत. बाहेरून हाक मारली तर "आलो, आलो," पण येत नाहीत. निवृत्त माणसाला घाई कसली म्हणा.

रात्री जेवताना पुन्हा दांड्याचा विषय. "एखादा दांडा तरी," म्हणाले. मी म्हटलं, "नंतर बघू." त्यांनी मान हलवली. एकदा सांगून कळत नाही असं मला कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं, पण बाबांना म्हणवत नाही.

रविवार, १६ मार्च

उद्यापासून काम सुरू. मिस्त्री दोन नवे गडी आणणार आणि मी दुकानात असणार. मालकाने सुट्टी दिली नाही, त्यावरून जोरात वाजलं आमचं. म्हणून आज खडू घेऊन घरभर फिरलो. जिथे खर्च करायचा नाही, हातच लावायचा नाही, तिथे फुली. स्वयंपाकघरातला जुना ओटा, फुली. मागची खिडकी, फुली. संडास-बाथरूमची भिंत, ठळक फुली.

बाबा मागोमाग येत होते, भिंतीला हात लावत लावत. संडासाशी थांबले.

"फुली म्हणजे रद्द ना?"

"रद्द. या घरात तरी रद्द."

"आणि इथली नक्की?"

"बाबा, किती वेळा?"

"नाही, खात्री करून घेतली," म्हणाले. अडतीस वर्षं दुसऱ्यांच्या लिहिण्यावर खुणा केल्यात त्यांनी. कुठली खूण काय सांगते हे झोपेतही सांगतील. म्हणून निर्धास्त आहे. ते घरी आहेत म्हणजे गडबड होणार नाही.

सोमवार, १७ मार्च

संध्याकाळी घरी आलो तर संडासाची पुढची भिंत नाही. भांडं फोडलेलं. नळ उपटलेला. विटांचा ढीग अंगणात, आणि मिस्त्री त्या ढिगावर बसून विडी ओढताहेत.

"हे काय केलंत?"

"फुली होती."

"फुली म्हणजे करायचं नाही!"

"साहेब, फुली म्हणजे फोडायचं. चाळीस वर्षं हेच करतोय मी. जी भिंत पाडायची तिच्यावर फुली. जी ठेवायची तिला कशाला कोण खूण करील?"

तळपायाची आग मस्तकात गेली. काय काय बोललो आठवत नाही. त्यांच्या आईबापावर गेलो नाही एवढंच. थापी उचलून भिंतीवर फेकली, ती त्यांच्या कानाजवळून गेली. ते हललेसुद्धा नाहीत. सगळं ऐकून घेतलं, विडी विझवली आणि गड्यांना म्हणाले, "चला रे."

मग बाबांकडे वळलो. "तुम्ही इथेच होतात ना? आवाज ऐकू नाही आला?"

"घण पडल्यावर काय करणार?" बाबा म्हणाले. "मुद्रितात चूक दिसली तर खोडता येते. भिंतीत कशी खोडणार?"

नशीब म्हणायचं की ओटा आणि खिडकी वाचली. तिथे फुल्या तशाच आहेत आणि त्यांना कुणी हात लावलेला नाही. बादली, तांब्या, साबण, बाबांची दाढीची पेटी, सगळं अंगणात कडेला ओळीने मांडून वर वर्तमानपत्र घातलेलं होतं. तेवढी तरी अक्कल दाखवली त्या गड्यांनी.

आता तिसरं काम संडासाचंच. दुसरा इलाजच नाही. शेजारच्यांनी त्यांचा संडास वापरायला दिलाय, पण किती दिवस? बाबा म्हणाले, "आता फुटलंच आहे तर कमोडच बसवून टाक."

फरशीचा माल उद्या उतरणार. परत घेत नाहीत.

गुरुवार, २० मार्च

गाडी विकली. घेणाऱ्याने टायरला लाथ मारून बघितली, तेव्हा त्याला मारावंसं वाटलं. फरशीचं भागलं. चालत कामावर जायला पाऊण तास लागतो. हरकत नाही, तिच्या दुकानावरूनच रस्ता जातो.

बुधवार, २६ मार्च

मिस्त्री शुक्रवारपासून पुन्हा यायला लागले होते, आज फरशी आणि संडास दोन्ही पुरं करून गेले. मी माफी मागितली नाही, त्यांनी मागितली नाही. माझ्याशी फक्त मापं बोलतात. बाबांशी मात्र बराच वेळ बोलत बसले होते, दोघांचा चहा झाला.

कमोड, भिंतीत पक्का बसवलेला दांडा, खाली खरखरीत लाद्या, उंबरा काढून टाकलेला. दांडा बाबांच्या कोपराच्या उंचीवर, मिस्त्रींनी माप घेतलं होतं म्हणे. बाबा आत गेले आणि पाच मिनिटांत बाहेर आले. पाच! आतून शीळ ऐकू येत होती. आई गेल्यापासून ही शीळ ऐकली नव्हती, म्हणजे सात वर्षं झाली.

बाहेर येऊन त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "चांगलं झालं बरं का. ऐकलंस माझं."

मी म्हणायला हवं होतं की बाबा, मी नाही ऐकलं. म्हणालो, "हं."

रविवार, ३० मार्च

सगळं लिहून काढतो, नाहीतर झोप यायची नाही.

काका, म्हणजे तिचे बाबा, अकराला आले. ती मागे, निळा कुर्ता, नजर खाली. काका पुढच्या खोलीत आले, खाली बसले आणि बोटाच्या पेराने फरशी वाजवून बघितली. एकदा इथे, एकदा कोपऱ्यात.

"माझ्याकडचीच. बसवलीय चांगली."

"हो, काका."

"तुझी गाडी दिसली नाही बाहेर."

"विकली."

"फरशीसाठी?"

ती वर बघायला लागली. मी मान हलवली. मला वाटलं होतं या जागी ते खूश होतील.

काका उठले, गुडघे झटकले. "हे बघ, दुकानात मी विकणारा. गिऱ्हाईक मागेल ते देतो. इथे मी मुलीचा बाप आहे. पाच वर्षांनी जे फोडायचंय त्यावर गाडी विकून चकाकी आणणारा माणूस उद्या घर कसं चालवील? मला उत्तर नको, विचार कर."

राग यायला हवा होता, आलाच नाही. बाबा खुर्चीत नुसते बसून होते.

काका हात धुवायला मागे गेले. बराच वेळ आले नाहीत. मग तिथूनच हाक मारली, "हे कोणी सुचवलं?"

आम्ही सगळे मागे गेलो. काका दांडा धरून वजन टाकून बघत होते. पायाने लादी घासून बघितली. उंबरा नाही हेही त्यांनी ओळखलं.

मी तोंड उघडण्याआधीच बाबा म्हणाले, "यानंच. मला धड विचारलंसुद्धा नाही हो. एक दिवस बघतो तर भिंत फोडलेली!" आणि हसले. काकाही हसले.

मी? मी लादी बघत होतो.

"मग ती फरशी माफ," काका म्हणाले. "बापाच्या पायाखाली काय आहे हे ज्याला दिसतं त्याला बाकीचं शिकवता येतं." माझ्या खांद्यावर थाप मारली. "जूनमध्ये बघू पुढचं."

हो म्हणाले! हो म्हणाले! तिने जाताना माझ्याकडे असं बघितलं की तसं आजवर कधीच बघितलं नव्हतं. मला नाचावंसं वाटायला हवं. वाटतंयही. पण मधूनच काहीतरी अडकतं.

बुधवार, २ एप्रिल

तिला खरं सांगून टाकलं. ती तसं बघत राहिली तर मी वेडा होईन असं वाटलं, म्हणून. दुकानामागे पेट्यांवर बसलो होतो. फुलीचं सगळं सांगितलं. वाटलं, हसेल. गोष्ट तशी हसण्यासारखीच आहे.

ती हसली नाही. "किती वेळा सांगितलं होतं त्यांनी?"

"दोनदा, तीनदा."

"आणि तू?"

"नंतर बघू म्हटलं."

"आणि त्यांना अजून वाटतंय की तू त्यांच्यासाठी केलंस."

"वाटू दे की. खूश आहेत ते."

"मी फरशी मागितली होती का रे? साधी घाल म्हटलं होतं मी."

म्हटलं, "मला वाटलं तू—"

"तुला वाटतं फार," म्हणाली आणि उठली. "आमच्या बाबांना मी काही सांगणार नाही. पण तू आधी तुझ्या बाबांना सांग. मग माझ्याशी बोल. तोवर येऊ नकोस."

रविवार, १३ एप्रिल

सांगितलेलं नाही.

सरांसमोर शीट फाडता येते, मालकाशी भांडता येतं, मिस्त्रीवर थापी फेकता येते. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला चार वाक्यं सांगता येत नाहीत. आज तीनदा सुरुवात केली.

"बाबा, ते संडासाचं..."

"हं, छान झालंय."

दुसऱ्यांदा, "बाबा, एक सांगायचं होतं." त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू तेच काही सांगणार आहेत. दोघेही थांबलो. मग ते म्हणाले, "आधी तू सांग." मी म्हटलं, "काही नाही, दूध आणायचंय का?"

तिसऱ्यांदा ते झोपले होते.

रविवार, २० एप्रिल

ताई आली होती. दोन तासांवर राहते, पण नोकरी आणि पोरं यांतून तिचं येणं होत नाही. नवं घर पहिल्यांदाच बघत होती. फरशीचं कौतुक केलं. मग बाबा पाणी आणायला उठले आणि ताईचं तोंड उतरलं.

"हे कधीपासून?"

"काय?"

"उजवा पाय ओढतायत ते."

"ओढतायत?"

ताई माझ्याकडे बघत राहिली. मला पुन्हा एकदा विचारलं, "तू यांच्याबरोबर राहतोस ना रे?"

तपासण्या करायला चार दिवस घेऊन गेली. बाबा पिशवी भरताना सांगत होते, वायरिंगवाला आला तर मेन बंद कर, दूधवाल्याला अर्धा लिटर सांग. रिक्षात बसायला त्यांना दोघांनी धरावं लागलं. हे रोज होत होतं? रोज मी कुठे बघत होतो?

आल्यावर सांगतो.

गुरुवार, २४ एप्रिल

दुकानात फोन आला. आज सकाळी ताईकडे बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. निघतोय.

रविवार, २७ एप्रिल

हॉस्पिटल. बाबा शुद्धीवर आहेत. डावा हात हलतो, डोळे बघतात, समजतं सगळं. बोलता येत नाही.

ताई औषधं आणायला खाली गेली तेव्हा स्टूल जवळ ओढलं आणि सांगितलं. सगळं. फुली कशासाठी होती. मी तुमचं ऐकलं नव्हतं. काका विचारत होते तेव्हा मी गप्प बसलो. तिने घातलेली अट तेवढी सांगितली नाही.

बाबा ऐकत होते. मग त्यांनी डावा हात उचलला आणि स्वतःच्या छातीवर बोटं आपटली. टक टक. मग माझ्याकडे बोट करून हात हलवला, नाही नाही असा. पुन्हा छातीवर. टक टक टक. जोरजोरात.

मी घाबरलो. छातीत दुखतंय. धावत जाऊन नर्सला आणलं, ताई आली, मशीन लावलं. हृदय ठीक आहे म्हणाले. बाबांनी हात खाली टाकला. तोंड एका बाजूला गेलं, हसल्यासारखं. ताई म्हणाली, हसत नाहीत ते, आजारानं होतं तसं.

शनिवार, ३ मे

बाबा गेले. परवा सकाळी, सात वाजून काही मिनिटांनी. ताई जवळ होती. मी चहा घ्यायला गेलो होतो.

रविवार, ११ मे

घरी परतलो. ती आणि काका सुरुवातीला ताईकडे भेटून गेले होते, तेव्हा लोक होते. आज मी तिच्या दुकानावर गेलो.

"सांगितलंस?"

"सांगितलं. हॉस्पिटलात."

"काय म्हणाले?"

"बोलता येत नव्हतं."

ती म्हणाली, "माझ्यासाठी सांगितलंस की त्यांच्यासाठी?"

"आता काय फरक पडतो?" मी ओरडलो. दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

ती ओरडली नाही. "मला पडतो. तू चिडका आहेस हे मला माहीत होतं. ते चालणार होतं मला. पण त्या दिवशी मागच्या दारात सगळे हसत होते आणि तू खाली बघत उभा होतास, ते मला दिसतं सारखं. तुझे बाबा एक शब्द जरी बोलले असते ना, रागाचा, कसलाही, तरी मी म्हटलं असतं, झालं, तुमचं तुमच्यात मिटलं. आता कोण सांगणार मला मिटलं म्हणून?"

ती म्हणाली, "आमच्या बाबांना जूनचं नको म्हणून सांगते. कारण सांगणार नाही."

शनिवार, १७ मे

दुपारी मिस्त्री आले. डोक्यावरचा रुमाल काढून दारातच उभे राहिले. गावी होते, आजच कळलं म्हणाले. मी आत बोलावलं. त्यांनी ती फरशी बघितली. चहा केला मी.

म्हटलं, "त्या दिवशी थापी फेकली. चुकलं माझं."

"ते सोडा. मी शब्द दिला होता म्हणून गप्प बसलो. आता ज्यांना दिला ते राहिले नाहीत, तर सांगतो. पाप लागलं तर लागलं."

मग त्यांनी सांगितलं. त्या सोमवारी त्यांनी आल्याआल्या बाबांना विचारलं होतं की फुल्या आहेत, म्हणजे फोडायचं ना? एक भिंत अशी चुकीची फोडून एकदा फसलेत ते, तेव्हापासून विचारतात. बाबा म्हणाले, "पोरानं रद्द या अर्थानं केल्यात." मिस्त्री म्हणाले, बरं झालं विचारलं, आणि छताकडे निघाले. बाबांनी परत हाक मारली. "मिस्त्री, फुलीचे दोन अर्थ होतात. इथे तुमचा घ्या. बाकी दोन ठिकाणी त्याचा."

"मी म्हटलं, पोरगा खवळेल. म्हणाले, खवळू दे. मला खाली बसता येत नाही हो आता, उठता तर अजिबात नाही. त्याला किती वेळा सांगू? बापानं पोराला असलं किती वेळा सांगायचं? स्वतः उठून बादली-साबण बाहेर काढून ठेवला त्यांनी. मला म्हणाले, तुमच्या माथी मारतोय, माफ करा. आणि त्याला सांगू नका. अडतीस वर्षांत एक चूक मुद्दाम जाऊ देतोय."

मिस्त्री गेल्यावर मी कप उचलले आणि पुन्हा तिथेच बसलो. हॉस्पिटलात बाबांच्या छातीत दुखतच नव्हतं. मी, मी, असं म्हणत होते.

मग एकदम उठलो आणि चपला घालून निघालो. अर्ध्या रस्त्यात पळायलाच लागलो. तिला एक शब्द हवा होता, माझ्याकडे आता अख्खी गोष्ट होती. बाबांना माहीत होतं! माझं खोटं त्यांना फसवत नव्हतंच, उलट त्यांनीच काकांसमोर मला झाकलं. मिटलेलंच होतं आमच्यात, आधीपासून. हे ऐकल्यावर ती काय म्हणणार? हो म्हणणार. जून अजून यायचाय.

दुकानात ती एकटीच होती, वहीत काहीतरी लिहीत. मला बघून पेन खाली ठेवलं. धापा टाकत होतो मी.

"काय झालं?" आवाज मऊ होता. "बस आधी. पाणी देऊ?"

मी तोंड उघडलं आणि पहिलं वाक्य जुळवायला लागलो. पहिलं वाक्य असं होतं: बाबांना खाली बसता येत नव्हतं.

ते वाक्य बाबांनी मला कधी सांगितलं नाही. दांडा सांगितला, कमोड सांगितला, हे नाही सांगितलं. एका परक्या माणसाला सांगितलं आणि त्याच्याकडून शब्द घेतला की पोराला कळू देऊ नका. आणि मी ते इथे, काउंटरवर, माझी बाजू भक्कम करायला मांडणार होतो.

"अरे, बोल ना," ती म्हणाली. "काही सांगायचं होतं का?"

तिने खरंच वाट बघितली. तेवढं मला दिसलं. यावेळी वाटलं नाही, दिसलं.

"नाही," म्हटलं. "इथून चाललो होतो."

"पळत?"

"हो."

तिने पेन उचललं. मी वळलो. त्या दुकानाचं काचेचं दार आपोआप लागत नाही, बाहेरून ओढून घ्यावं लागतं. मी बाहेर आलो आणि ते ओढून घेतलं.